पाळणाघरातल्या लहानग्यांचा अंगणातला पाण्याचा खेळ: दीड बादली पुरते

भुसावळहून एका ताईंनी विचारलं आहे: घरीच पाळणाघर चालवते, सव्वा वर्षापासून तीन वर्षांपर्यंतची सहा मुलं येतात. सकाळी मदतीला एक मावशी असतात. पुढे सिमेंटचं अंगण, कोपऱ्यात निंबाचं झाड. उन्हाळ्यात मुलं घरात चिडचिड करतात म्हणून अंगणात पाण्याचे खेळ घ्यायचे मनात आहे. हवा भरायचा प्लॅस्टिकचा पूल घ्यावा का? नळ चार दिवसांनी येतो, त्यात हे कसं जमवायचं? आणि ‘सर्दी होईल’ म्हणणाऱ्या आयांना काय सांगायचं?

ताई, पूल घेऊ नका. या वयाच्या मुलाला पाण्याचं काहीतरी करायचं असतं. ओतायचं, भरायचं, पिळायचं, सांडायचं, इथलं तिथे नेऊन टाकायचं. त्यासाठी तुमच्या सहा जणांना मिळून दीड बादली, म्हणजे पंचवीसेक लिटर पाणी पुरतं. मी जळगावात बरीच वर्षं पाळणाघर चालवते आणि माझं ठाम मत झालं आहे की या वयात पाणी जितकं कमी, तितका खेळ चांगला होतो. हे टंचाईमुळे म्हणत नाही. तुमच्या नळाला रोज दोन तास पाणी असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

पुलाचा हिशेब करून बघा. चार फूट रुंदीच्या गोल पुलात सहा इंच पाणी भरलं तरी ते पावणेदोनशे लिटरच्या आसपास जातं. चार दिवसांच्या साठ्यातून एवढं काढलं की संध्याकाळी ते ओतून द्यायला जीव होत नाही. मग ते उद्यासाठी राहतं. त्यात मुलांची लाळ, लघवी, पायाची माती सगळं असतं आणि तेच पाणी दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडात जातं. शिवाय रात्रभर अंगणात उघडं पाणी उभं राहतं. आणि खेळ म्हणून बघितलं तर पुलात बसलेली दोन वर्षांची मुलं थोडा वेळ हात आपटतात, एकमेकांच्या डोळ्यांत पाणी उडवतात आणि रडारड सुरू होते. त्याच मुलांपुढे परात आणि दोन वाट्या ठेवा, ती अर्धा अर्धा तास मान वर करत नाहीत.

खेळ सांगण्याआधी एक गोष्ट मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण यात चूक झाली तर सुधारायला संधी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगभरात अंदाजे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यातली जवळपास पाव पाच वर्षांच्या आतली मुलं होती. आपल्याला बुडणं म्हटलं की तापी, गिरणा, विहीर आठवते. लहान मूल घरातल्या बादलीतही बुडतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून काही काढायला गेलेलं मूल डोक्याकडून आत जातं आणि त्याच्या हातांत स्वतःला वर उचलायची ताकद नसते. नाकतोंड बुडेल एवढं, दीड-दोन इंच पाणीसुद्धा धोक्याचं असतं. आणि ते ओरडत नाही. नाकातोंडात पाणी असताना ओरडता येतच नाही, त्यामुळे ‘आवाज आला की धावेन’ हा भरवसा इथे चालत नाही.

आपल्या खान्देशातल्या घरांत पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. ड्रम, टीप, मोरीतला हौद, अंगणातली जमिनीखालची टाकी, नळ येईल त्या दिवशी भरून ठेवलेल्या बादल्यांची रांग. खेळ सुरू करायच्या आधीच्या रविवारी हे सगळं एकदा गुडघ्यावर बसून, मुलाच्या उंचीवरून बघा. ड्रमला घट्ट बसणारं झाकण आणि वरून दोरी किंवा इलॅस्टिकचा पट्टा. नुसता दगड ठेवू नका, अडीच वर्षांचं पोर तो ओढतं आणि पायावर घेतं. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला कडी-कुलूप. मोरीच्या दाराला मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी. पाण्याचा खेळ सुरू झाला की मुलांना पाण्याची ओढ लागते, ती घरभर पाणी शोधत फिरतात. म्हणून आधी साठा बंद आणि मग खेळ, हा क्रम मोडू नका.

दुसरा धोका विजेचा आहे आणि तो आपल्या भागात फार मोठा आहे. मार्चपासून प्रत्येक घराच्या खिडकीला बाहेरून कूलर लागतो. पत्र्याच्या कूलरच्या अंगात करंट उतरला आणि ओल्या अंगाचं, अनवाणी मूल ओल्या फरशीवरून त्याला टेकलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. तेच पाणी खेचायच्या मोटारीचं आणि तिच्या जमिनीवर पडलेल्या वायरचं. माझा नियम असा: मुलं ओली असेपर्यंत अंगणाच्या बाजूचा कूलर आणि मोटार दोन्ही बंद, आणि नुसतं बटण बंद करून थांबायचं नाही, प्लग काढून ठेवायचा. तरीही कूलरपासून मुलं दूरच. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळतीचा करंट दिसला की तो वीज तोडतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगही तपासून घ्या. खेळण्यांवर खर्च करायच्या आधी हा करा.

आता माणसांचं. सहाही मुलं एकदम पाण्यावर घेऊ नका. तीन तुमच्याबरोबर बाहेर, तीन मावशींबरोबर आत, मग अदलाबदल. बाहेर जी बसेल तिने पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसायचं, प्रत्येक मूल हात लांबवला की पकडता येईल अशा अंतरावर. उभं राहून लक्ष ठेवणं आणि खाली बसून लक्ष ठेवणं यात फार फरक पडतो. उभी असलेली बाई काहीतरी आणायला जातेच. फोन घरात. दाराशी कुणी आलं, दूध उतू चाललं, एखाद्याने शी केली, काहीही झालं तरी उठायच्या आधी भांडी पालथी करायची. भांड्यात दोनच बोटं पाणी असतं, पालथं करायला क्षण लागतो. कमी पाण्याचा हा मोठा फायदा आहे, पावणेदोनशे लिटरचा पूल असा पालथा होत नाही. ज्या दिवशी मावशी येणार नाहीत त्या दिवशी परातीचा खेळ नाही. फक्त कुंचल्याचा, तो पुढे सांगते.

आणि एवढं करूनही प्रसंग आलाच तर काय करायचं ते तुम्हाला आणि मावशींना दोघींना माहीत हवं. पाण्यातून काढलेल्या मुलाला पाय धरून उलटं लटकवणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे आपल्याकडे अजून करतात. त्यात मौल्यवान वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. मूल हलत नसेल, नीट श्वास घेत नसेल तर कडक जागेवर उताणं ठेवायचं, हनुवटी किंचित वर करायची आणि आधी तोंडाने श्वास द्यायचे. मग छातीच्या मध्यभागी एका हाताच्या तळव्याच्या टाचेने छातीच्या एक तृतीयांश खोलीइतकं दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ३० वेळा दाबणं, दोन श्वास, पुन्हा ३०. दुसरीने तोवर १०८ लावायचा. वाचून हे हातात बसत नाही, म्हणून बाहुलीवर सराव करून घेणारं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. बुडता बुडता वाचलेलं मूल खोकत असेल, मलूल किंवा गुंगीत वाटत असेल तर वरून बरं दिसलं तरी लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.

वेळ. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४४-४५ अंश ही नेहमीची गोष्ट आहे. सकाळी आठ ते साडेनऊ ही खरी वेळ. मुलं नऊला येत असतील तर आल्या आल्या बाहेर काढा, खाणं नंतर. संध्याकाळी साडेपाचनंतरही घेता येतं, पण तेव्हा फरशी तापलेली असते. तिच्यावर आधी पाणी मारून ती निवू द्यावी लागते आणि मुलंही दमलेली असतात. दुपारी ‘पाणीच आहे, गार वाटेल’ असं म्हणून बाहेर काढू नका. ओलं अंग असलं तरी ऊन लागतं. निंबाची सावली सकाळी कुठे पडते ते पाहून जागा ठरवा. कमी पडली तर कृषी केंद्रात मिळतं ते हिरवं शेडनेट दोन खिळ्यांवर ताणून बांधा. खेळायच्या आधी प्रत्येकाला प्यायचं पाणी द्या, मधे एकदा द्या, झाल्यावर द्या. तहानलेलं मूल परातीतलं पितं. मूल सुस्त झालं, चेहरा लाल, अंग तापलेलं, लघवी बराच वेळ नाही, अशी काहीही शंका आली तर खेळ थांबवून सावलीत, ओल्या फडक्याने अंग पुसून, पाणी पाजून डॉक्टरांना दाखवायचं.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात थेट वापरू नका. दुपारनंतर ते पोळतं आणि अंगणात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तर हात भाजेल इतकं कढत असतं. मी आदल्या रात्री दोन झाकलेल्या बादल्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी सावलीत ठेवते. सकाळी कोपर बुडवून पाहायचं: ना गार वाटलं ना गरम, की झालं. स्टीलची परात उन्हात ठेवलेली असेल तर तिचा काठ पोळतो, तोही हाताने तपासा. आणि पाणी प्यायच्या दर्जाचंच घ्या. निदान तुरटी फिरवून, निवळून, मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) टाकलेलं. लहान मुलं खेळातलं पाणी पितातच, त्यावर रागावून उपयोग नाही.

आता खेळ. सुरुवात सगळ्यात सोप्यापासून करा, कुंचला आणि तांब्याभर पाणी. रंगाऱ्याचा तीन-चार इंची नवा ब्रश प्रत्येकाच्या हातात आणि ओट्याची भिंत समोर. मुलं भिंत ‘रंगवतात’, सिमेंट गडद होतं, पाहता पाहता वाळतं, पुन्हा रंगवायचं. घरी अहिराणी बोलणारा एक अडीच वर्षांचा मुलगा आमच्याकडे होता. त्याने एकदा वाळलेल्या जागेवर हात ठेवून, वर बघून सांगितलं, “पानी उडी गयं.” त्याला बाष्पीभवन कुणी शिकवलं नव्हतं. दंडापासून बोटांपर्यंत सगळा हात या खेळात फिरतो, पुढे पेन्सिल धरायला हीच तयारी लागते. भांडं बसणारीच्या हातात ठेवायचं, मुलांनी ब्रश आणून बुडवून न्यायचा. त्यामुळे हा खेळ एकटीलाही झेपतो.

मग परात. खाली गोणपाट ओलं करून अंथरा. त्याने परात सरकत नाही आणि पाय घसरत नाहीत. परातीत दोन बोटं पाणी. बरोबर घरातलीच भांडी: वाट्या, जड बुडाचा छोटा गडू, चहाची गाळणी, पिठाची जुनी चाळणी, नरसाळं, पळी. दीड वर्षाच्या आतलं मूल फक्त हात आपटेल, वाटी उलटी करेल, भांडं तोंडात घालेल. ते पुरेसं आहे, त्याला शिकवायला जाऊ नका. दीड ते दोनमधलं मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतं: वाटीने भरायचं, गडूत ओतायचं, गडू उलटा करायचा. बघणाऱ्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही. मनगट वळवून नेमकं तोंडाशी धार धरणं या वयात फार अवघड काम आहे आणि ते पाणी सांडल्याशिवाय जमत नाही. अडीच-तीनचं मूल ‘चहा’ करतं, गाळतं, तुम्हाला देतं, पैसे मागतं. त्याच्या हातून कप घ्या, फुंकर मारा, साखर कमी आहे म्हणा. तो दुसऱ्या मुलाकडे वळून साखर मागेल, आणि तिथे तुमचं काम संपलं.

बोलणं कमी ठेवा असं मी नेहमी सांगते. ‘हे काय? कोणता रंग? किती?’ असा प्रश्नांचा मारा केला की मूल हात थांबवून तुमच्या तोंडाकडे बघतं. त्याचं जे चाललं आहे तेच साध्या वाक्यात म्हणा: भरलं, सांडलं, रिकामं झालं, वाटी बुडाली, गार आहे. शब्द असेच मुरतात.

भांडण होणारच. त्यावर उपाय एकच, प्रत्येक वस्तू सारखी आणि प्रत्येकाला एक. तीन मुलं असतील तर तीन स्टीलच्या सारख्या वाट्या. एक लाल मग आणि दोन निळे ठेवले तर सगळा वेळ लाल मगात जाईल. दोन वर्षांच्या मुलाकडून ‘वाटून घ्या’ ही अपेक्षा ठेवू नका.

धुण्याचा खेळ मुलांना सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यात खरं काम असतं. प्रत्येकाला एक रुमाल. बुडवायचा, आपटायचा, पिळायचा आणि त्यांच्या छातीच्या उंचीवर बांधलेल्या दोरीवर टाकायचा. दोरी दोन्हीकडून पक्की ताणलेली हवी, लोंबणारं टोक नको, आणि खेळ झाला की काढून ठेवायची. पिळताना दोन हात उलट दिशांना फिरतात. तीन वर्षांच्या मुलालाही हे पुरतं जमत नाही, म्हणून तो जीव लावून करतो. साबण घालू नका, डोळ्यांत जातो आणि फरशी निसरडी होते. मुलगे आणि मुली दोघांनाही रुमाल द्या. एखाद्या मुलाची आजी ‘पोऱ्याले धुणं कशाले’ म्हणेलच. तिला बसवून चहा द्या आणि नातू किती मन लावून पिळतो ते बघू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी उभी केली तेव्हा मुलांची आंघोळ, स्वच्छता, आसपास सापडणाऱ्या वस्तू हाच अभ्यासाचा भाग केला होता. आपण त्याच वाटेवर आहोत, महागड्या खेळण्यांची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

यावल-रावेरकडे कुणी नातेवाईक असतील तर केळीचं सोपट मागवा. खोडाचा एक थर सोलला की आयती पन्हळ मिळते. एक टोक विटेवर, दुसरं परातीत. वरून वाटीभर पाणी सोडलं की ते घरंगळत येतं, त्यावर निंबाचं पान सोडा. दोन मुलं वर, एक खाली पानं पकडायला. फक्त सोपट आधी धुऊन, पुसून घ्या. त्याच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, आणि मग आया नाराज होतात. त्या दिवशी जुने कपडे. बागेत नुकतीच फवारणी झाली असेल तर ते सोपट आणू नका.

ठिबकच्या नळीचा खेळही आपल्याकडेच सहज होतो. मीटर-दीड मीटर लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी, त्यावर दोन-तीन ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, वरचं टोक उंच टांगलेल्या बाटलीला जोडलेलं, सगळं भिंतीला पक्कं बांधलेलं. थेंब थेंब पडतो, मुलं खाली हात धरतात, वाटी धरतात, वाट बघतात. दोन वर्षांचं मूल असं शांत बसलेलं क्वचितच दिसतं. पण नळी नवीच घ्या. शेतातून काढलेल्या नळीतून खतं, औषधं, साफ करायचं ॲसिड गेलेलं असतं, ती कितीही धुतली तरी मुलांसाठी नको. हेच औषधांच्या रिकाम्या कॅन आणि डब्यांबद्दल. ते कापून बादल्या करायची सवय घराघरात आहे, पाळणाघरात तसली एकही वस्तू ठेवू नका. ड्रिपर सुटा झाला तर घशात अडकण्याइतका लहान असतो, म्हणून रोज मोजून घ्या.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बाजारात छोट्या घागरी येतात. कोरी मातीची घागर पाण्यात बुडवली की बुडबुडे येतात, बारीक आवाज होतो, रंग गडद होतो, वास सुटतो. मुलं कान लावून बसतात. गोणपाटावरच ठेवा. फुटली तर मुलं आधी उचला, खापऱ्या मग. मे महिन्यात बर्फ: रात्री वाटग्यात पाणी आणि निंबाची फुलं घालून गोठवलेला मोठा गोळा परातीत ठेवायचा. ट्रेमधले छोटे तुकडे अजिबात नकोत, ते घशात अडकतात. गोळाही वितळत लहान झाला की उचलून टाकायचा. भरताचं मोठं वांगं, बटाटा, लिंबू, स्टीलचा चमचा, लाकडी कालथा हे एकेक करून पाण्यात सोडणं तीनच्या जवळच्या मुलांना भावतं. वांगं केवढं मोठं असूनही तरंगतं आणि एवढासा चमचा बुडतो, यावर त्यांचा विश्वास बसत नाही आणि ते दहा वेळा करून बघतात. यासाठी पाणी थोडं खोल लागतं, म्हणून पातेलं पाटावर, तुमच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे, आणि एका वेळी एकच मूल.

शेवटी नेहमी झाडं. उरलेलं पाणी छोट्या झाऱ्यांनी तुळशीला, कुंड्यांना, निंबाच्या आळ्यात. यात पाणी संपतं, मुलांना ‘संपलं’ हे दिसतं, आणि आत जाताना रडारड कमी होते. आळ्यातल्या ओल्या काळ्या मातीत हात घालायचा मोह होईल, घालू द्या. नखं आणि हात साबणाने धुऊन मगच खाणं.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. जुलाब, ताप, वाहता कान, उघडी जखम, अंगावर पुरळ, डोळे आलेले, यांपैकी काही असेल त्या मुलाला त्या दिवशी पाण्यात घेऊ नका. फिट येणाऱ्या मुलाबद्दल त्याच्या डॉक्टरांचं मत आईकडून आधीच घ्या. वापरून टाकायचे डायपर पाण्याने फुगतात आणि मूल चालता चालता पडतं, त्याऐवजी साधी सुती चड्डी. एका गटाचं पाणी दुसऱ्याला नको. मध्ये पाणी झाडांना ओतून नवं घ्या, म्हणून तर दोन बादल्या भरून ठेवायच्या. खेळ संपला की सगळी भांडी, झाऱ्या, परात घासून पालथ्या. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी मिळालं की अळ्या होतात आणि आठ-दहा दिवसांत डास. म्हणून नुसतं ओतून उपयोग नाही, कडा घासा. ड्रम, कूलरची टाकी यांचाही आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवून घ्या.

काही मुलं पाण्याला घाबरतात. त्यांना दूर पाटावर बसून बघू द्या, हाताला ओलं फडकं द्या, बास. डोक्यावर पाणी ओतून भीती घालवायचा प्रयत्न कुणी करत असेल तर त्याला थांबवा. अशा मुलाचा पाण्यावरचाच नव्हे, तुमच्यावरचाही विश्वास जातो.

आयांना काय सांगायचं? सर्दी विषाणूने होते, पाण्यात हात घातल्याने नाही, हे शांतपणे सांगा. पण मूल ओल्या कपड्यांत कूलरसमोर गेलं तर कुडकुडतं, त्रासतं आणि आईचा राग योग्य ठरतो. म्हणून खेळ संपताच अंगणातच कोरडं पुसून, कपडे बदलून मगच आत. पिशवीत कपड्यांचे दोन जोड, एक पंचा मागा. त्या दिवशी घरून अंगाला तेल लावून पाठवू नये असं सांगा. तेलकट मूल ओल्या जागी हातातून निसटतं. गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी काढून ठेवायची परवानगी आधीच घ्या. काही घरी ते श्रद्धेचं असतं, त्यांना ते मनगटाला बांधायला सुचवा. आणि परवानगी लेखी घ्या, साध्या वहीत सही पुरते. सुरुवातीला एखाद्या आईला सकाळी पंधरा मिनिटं थांबवून खेळ बघू द्या. बाकीच्यांना तीच सांगेल, तुम्हाला पटवून द्यावं लागणार नाही.

पाऊस सुरू झाला की नळाचं पाणी गढूळ येतं, तेव्हा परातीचा खेळ मी कमी करते आणि सावकाश पडणाऱ्या पावसात मुलांना पाच-दहा मिनिटं अंगणात सोडते. विजा असतील तर अजिबात नाही. अंगणात शेवाळ धरलं असेल तर आधी घासून काढा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो. तेव्हा अकरा-साडेअकराला, उन्हात, कोमट पाण्याने, बाह्या वर करून फक्त हातांचे खेळ.

पहिल्या आठवड्यात फक्त कुंचला काढा, रोज वीस मिनिटं. तेवढ्यात तुम्हाला कळेल कोणतं मूल पळतं, कोणतं पाणी पितं, कोणाला भीती आहे, मावशी फोन घरात ठेवतात की नाही. दुसऱ्या आठवड्यात परात, तीही तीन मुलांनाच. सोपट, घागरी, बर्फ हे सगळं त्यानंतर. परात काढायच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियन येऊन गेलेला हवा.